फाटकापाशीची पाच मिनिटं

जून जवळ आला की आमच्या भागातल्या पालकांमध्ये एक वाद हमखास पेटतो. नर्सरीच्या वर्गात कॅमेरा असावा हे आता जवळपास सगळ्यांनी मान्य केलंय. भांडण असतं ते त्याचं थेट चित्र आईबापांच्या मोबाइलवर दिसावं की नाही, यावर. एक बाजू म्हणते, मूल आमचं, फी आमची, मग दिवसभर तिथे काय चालतं ते बघायचा हक्कही आमचा. दुसरी बाजू, म्हणजे बहुतेक शाळा आणि शिक्षिका, म्हणते की सतत कुणी डोक्यावर बसलं तर काम करायचं कसं. डॉक्टरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्ही नातेवाईक उभे करता का? मी नाशिकमध्ये २६ वर्षं बालवाडीचा वर्ग घेतला आणि आता नातीला आणायला फाटकाबाहेर उभी राहते. दोन्हीकडचं म्हणणं मला आतून ठाऊक आहे. तरीही हा वाद भलत्याच जागी घातला जातोय, असं मला ठामपणे वाटतं. बालवाडी आणि घर यांचं नातं म्हणजे शाळेकडून घराकडे जाणारी माहिती, असं दोन्ही बाजूंनी धरून चाललंय. एकाला ती जास्त हवी आहे, दुसऱ्याला कमी द्यायची आहे. माझं म्हणणं असं, की तीन-चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत माहितीचा पहिला ओघ घराकडून शाळेकडे यायला हवा. ती माहिती ताईने, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिकेने, मागायला हवी, ऐकून घ्यायला हवी, आणि त्यासाठी लागणारा वेळ तिच्या नोकरीचे तास म्हणून मोजला जाऊन त्याचा पगार तिला मिळायला हवा.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका आजीने दाखवून दिलं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. अंगाने मजबूत, नजर चौफेर. जूनमध्ये आलेला हा मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर शेरा लिहिला, 'बोलत नाही. घरी सराव घ्यावा.' आईने खाली मान घालून सही केली. सुट्टीनंतर एक दिवस त्याला न्यायला आजी आली, जळगावकडून नुकतीच आलेली. मी फाटकापाशी तिलाही तेच ऐकवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. घरी तर याचं तोंड मिटत नाही, म्हणाली, आणि वळून तिने त्याला काहीतरी विचारलं. त्यासरशी तो जो सुटला! झोपाळा, मांजर, डब्यातली चटणी, सगळं एका दमात, आणि सगळं अहिराणीत. त्याच्या घरात सगळेच अहिराणी बोलणारे. मी त्याला पुस्तकी मराठीत 'तुला पाणी प्यायचं आहे का' विचारत होते आणि त्याच्या घरात ते 'पानी पेवानं शे' होतं. माझं बोलणं त्याला अजिबात कळत नव्हतं असंही नाही. आपलं बोलणं इथे चालत नाही, एवढं मात्र त्याला पक्कं कळलं होतं, म्हणून तो गप्प होता. पाच महिने मी एका बोलक्या मुलाला मुका समजत होते. त्या वर्गात कॅमेरा असता आणि आईने कामावरून दिवसातून दहा वेळा बघितलं असतं, तर तिला काय दिसलं असतं? कोपऱ्यात गप्प बसलेलं आपलं पोर आणि प्रेमाने त्याच्याशी बोलू पाहणारी शिक्षिका. चित्र अगदी खरं, आणि त्यातून कुणालाच काही कळलं नसतं.

तरीही कॅमेऱ्याच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मी हलका करणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दोन चिमुकल्यांवर शाळेच्या आवारातच अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि राज्य सरकारने सगळ्या शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायचा आदेश दिला. त्या दिवसांत कोणत्या आईला झोप लागली असेल? अशा वेळी 'शिक्षिकांवर विश्वास ठेवा' असं म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ. विश्वास मागून मिळत नसतो. कॅमेरे असावेत: फाटकावर, जिन्यात, स्वच्छतागृहाबाहेरच्या बोळात आणि वर्गातही. त्यांचं चित्रण जपून ठेवलं जावं आणि तक्रार आली की बाहेरच्या माणसासमोर तपासलं जावं. इथवर मी पालकांबरोबर आहे. पण बदलापूरचा प्रकार उघडकीला कशामुळे आला, ते आठवून बघा. मुलीने घरी सांगितलं आणि घरच्यांनी ते खरं मानलं, म्हणून. त्यानंतर ते कुटुंब दारोदार फिरत होतं, तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत होतं. ऐकणारा कान घरात होता. तो शाळेत आणि व्यवस्थेत असता तर पुढचं किती तरी टळलं असतं. साडेतीन वर्षांचं मूल 'शाळेत नाही जायचं' हे वाक्य पन्नास कारणांनी म्हणतं. बाजूच्या मुलाने चिमटा काढला, डब्यात पुन्हा उपमा आला, ताईने रडताना कडेवर घेतलं नाही, किंवा असं काही झालं जे सांगायला त्याच्याकडे शब्दच नाहीत. या पन्नासांतलं खरं कोणतं, ते आई आणि ताई समोरासमोर बसून बोलल्या तरच शोधता येतं. आणि ताईबद्दल, मदतनिसाबद्दल किंवा शिपायाबद्दल शंका असेल तर ती बोलून दाखवायला आईला धीर वाटला पाहिजे. वर्षातून दोनदा होणाऱ्या पालकसभेत, टेबलापलीकडून, वीस जणींच्या रांगेत उभं राहून तो धीर कुठून येणार?

थेट प्रक्षेपणाबद्दल मात्र माझं उत्तर स्वच्छ नकाराचं आहे. वर्गात तीस मुलं असतात. माझं मूल बघायचा हक्क मला आहे, पण शेजारच्या मुलीने चड्डीत शू केली, कुणी आईच्या आठवणीने जमिनीवर लोळण घेतली, कुणाला अजून नीट खाता येत नाही, हे तीस घरांनी ऑफिसात, रिक्षात, स्वयंपाकघरात बसून बघावं, हा हक्क कुणी कुणाला दिला? मुलाच्या फजितीला भिंती हव्यात. आणि तीस डोळे आपल्यावर आहेत हे माहीत असलेली ताई काय करते तेही मी पाहिलंय. ती मुलांना चिखलात खेळवायचं बंद करते, कारण कपडे मळतात आणि फोन येतो. दोन मुलांचं भांडण त्यांनाच मिटवू देण्याऐवजी पळत जाऊन सोडवते. रडणाऱ्याला रडू देत शेजारी शांत बसून राहणं हे बालवाडीतलं फार मोठं कौशल्य आहे, पण पडद्यावर ते 'बाई नुसती बसून आहे' असं दिसतं.

मग व्हॉट्सॲप? इथे समोरच्या बाजूचा मुद्दा मला पूर्ण मान्य करावा लागतो. आई सकाळी आठच्या बसने सातपूरला कंपनीत जाते, बाप रात्रपाळीला असतो, मुलाला आणायला-सोडायला व्हॅनवाले काका. त्यांना 'फाटकापाशी या, बोलू' म्हणणं ही चैन आहे. त्यांच्या हातात मोबाइलच आहे आणि त्यावर आलेला एक फोटो दुपारभर पुरतो. करोनाच्या काळात बालवाड्या जवळपास दोन वर्षं बंद होत्या, तेव्हा आम्हीही याच मोबाइलवरून मुलांना गोष्टी सांगितल्या. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण गटावर काय चालतं ते कोणत्याही पालकाने आपला फोन उघडून बघावं. उद्या पिवळे कपडे घाला. फी भरायची शेवटची तारीख. फुलं, हात जोडलेली चित्रं, एकोणतीस 'थँक यू मॅम'. महत्त्वाचं असं काहीच तिथे लिहिता येत नाही, कारण ते सगळ्यांसमोर लिहायचं नसतं. 'काल रात्री घरात भांडण झालं, आज जरा सांभाळून घ्या' हे कोणती आई गटावर लिहील? आणि जी गोष्ट एकटीला सांगायची ती चारचौघांत सांगितली की काय होतं, याचा चटका मला बसलेला आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी चावायची. या वयात मुलं चावतात. शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. पण त्या दिवशी तिने तिसऱ्या मुलाला चावा घेतला होता, त्या मुलाची आई चिडली होती, मी दमले होते. सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर दहा-बारा जणी उभ्या होत्या आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आज पुन्हा चावली हो तुमची. घरी जरा बघा." तिची आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या पोटरीवर वळ होते. तिला मारणारा हात आईचा होता, पण मारायला भाग मी पाडलं होतं. 'घरी जरा बघा' या शब्दांचा दुसरा अर्थ त्या बाईपुढे नव्हताच. चारचौघांत गेलेली लाज तिला घरी जाऊन भरून काढायची होती. मी एवढंच विचारायला हवं होतं, आणि तेही बाजूला घेऊन: घरी असं कधी होतं? झालं की तुम्ही काय करता? पुढे मी ते विचारलं. उत्तर आलं की घरात नुकतं बाळ आलंय आणि मुलगी आजीजवळ झोपायला लागली आहे. दोन महिन्यांचं कोडं एका वाक्यात सुटलं. तेव्हापासून मी एक नियम पाळला. तक्रार फाटकापाशी सांगायची नाही. फाटकापाशी दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची, आणि तीही त्या मुलाचीच, नेमकी: 'आज त्याने सांडलेलं पाणी स्वतः पुसलं.' 'मजेत होता' असं कुणाच्याही मुलाबद्दल म्हणता येतं, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. वर्षभर अशा चांगल्या गोष्टी ऐकलेल्या आईला एखाद दिवशी अवघड गोष्ट सांगितली तर ती ऐकून घेते, कारण ताई आपल्या मुलाला ओळखते हे तिला पटलेलं असतं.

हा विचार काही नवा नाही. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरी यांनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं, ते मजुरांच्या चाळवजा इमारतीतच. त्याची नियमावली भिंतीवर लावलेली होती आणि त्यात एक कलम असं होतं, की आठवड्यातून निदान एकदा आयांना संचालिकेशी बोलता येईल. त्या मुलाच्या घरच्या आयुष्याची माहिती तिला देतील आणि तिच्याकडून उपयोगी सल्ला घेतील. क्रम बघा. आधी आई सांगते, मग ताई सल्ला देते. आज माँटेसोरींचं नाव पाटीवर लावणाऱ्या किती शाळांत हे कलम शिल्लक आहे? लाकडी मनोरे आले, गुलाबी ठोकळे आले, आठवड्याची ती भेट वाटेत कुठे तरी गळून पडली.

आणि रोमपर्यंत जायचीही गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे दादरच्या शहरी बालमंदिराचा अनुभव गाठीशी असलेल्या ताराबाई १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तिथे बालवाडी उघडली तर गावातली वरच्या जातींची मुलं आली, दलित वस्तीतली आली नाहीत. 'त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही' असं म्हणून हात झटकणं अगदी सोपं होतं. त्याऐवजी ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच वर्ग भरवला. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आलाय. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. मुली शाळेत येत नव्हत्या, का? तर काखेत धाकटं भावंड असायचं. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घेतली. त्या रचनेला विकासवाडी म्हणतात. मुलगे येत नव्हते, का? तर गुरं राखायची असायची. मग शाळा कुरणात नेली, तिची कुरणशाळा झाली. महाराष्ट्राच्या बालशिक्षणात अभिमानाने सांगावं असं जे काही आहे, ते 'तुमच्या घरी काय अडचण आहे' हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर खरं मानल्यामुळे जन्माला आलंय. पुढाऱ्यांच्या भाषणात आपण ताराबाई-अनुताईंची नावं घेतो, आणि आपल्या शाळेत मूल आलं नाही की डायरीत लाल शाईने 'गैरहजर. कारण कळवा' लिहितो.

आता शिक्षिकांच्या बाजूचा मुद्दा, कारण तोही खरा आहे. त्या म्हणतात, आम्ही बोलायला तयार आहोत, पण पालकांना एकच ऐकायचं असतं: एबीसीडी लिहायला कधी लागणार? वाळूत खेळवलं की 'खेळायला पाठवतो का', मातीकाम घेतलं की 'होमवर्क द्या'. शेवटी शाळा हरते आणि साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देते. हे मी असंख्य वेळा पाहिलंय, स्वतःही एकदोनदा हरले आहे. पण 'पालकांना काय कळतं' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. एक रिक्षाचालक वडील माझ्याशी या विषयावर जवळजवळ भांडले होते. मी त्यांना बसवून विचारलं, तुम्हाला नेमकी भीती कसली वाटते? ते म्हणाले, मी नववीत इंग्रजीत नापास झालो म्हणून आज हे हँडल धरलंय. तो हट्ट अज्ञानातून आलेला नव्हता. आयुष्याने शिकवलेला धडा होता तो. मी त्यांच्या मुलाला मटार सोलायला बसवलं आणि त्यांना म्हटलं, त्याची बोटं बघा, शेंग दाबायला अजून जोर पुरत नाही. ही बोटं तयार झाली की पेन्सिल आपोआप धरली जाईल. रोज संध्याकाळी घरी मटार किंवा शेंगा सोलायला द्या, आणि सोलताना मोजा. त्यांनी ते केलं. पुढच्या महिन्यात येऊन मुलाने किती शेंगा सोलल्या ते मला सांगून गेले. वीस मिनिटांचं काम होतं, पण त्यासाठी ती वीस मिनिटं असायला हवी होती, आणि त्या भीतीला मान द्यायला हवा होता.

शिवाय पालक आपल्याशी गिऱ्हाइकासारखे वागतात अशी तक्रार करताना, त्यांना तसं वागायला कुणी शिकवलं हेही विचारावं लागेल. मुलाशी ओळख व्हायच्या आत त्याची परीक्षा आणि आईबापांची मुलाखत घ्यायची रीत शाळांनीच पाडली. ती इतकी बोकाळली की १९९३ मध्ये मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करायला केंद्राने नेमलेल्या यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेश परीक्षा आणि मुलाखती बंद करा असं सांगितलं, महाराष्ट्राला १९९६ मध्ये बालवाडी-प्रवेशापुरता वेगळा कायदा करावा लागला, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मुलाची वा पालकांची छाननी करणाऱ्या शाळेला दंड ठेवला. ज्या नात्याची पहिली भेटच चौकशीची, त्यात पुढे पालकांनी पावती दाखवून हिशोब मागितला तर नवल काय?

खासगी शाळांबद्दल बोललं की शहरातल्या वाचकांना प्रश्न तिथेच संपला असं वाटतं. पण राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि गरिबाचं मूल तिथेच जातं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून घरांशी नातं हा तिचा गाभा आहे. तिच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षणाइतकंच आईशी बोलण्याला, म्हणजे पोषण आणि आरोग्य शिक्षणाला स्थान आहे. गृहभेट हे सेविकेचं कर्तव्य आहे. कागदावर याहून चांगली रचना सापडणं कठीण. प्रत्यक्षात तिचा वेळ कुठे जातो? मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदी ठेवायचं पोषण ट्रॅकर हे केंद्राचं ॲप आलं. त्याच वर्षी राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले; फोन जुने, अपुरे, आणि ॲप इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. विचार करा, गावातल्या आईशी तिच्या बोलीत बोलणारी बाई, आणि तिने त्या बोलण्याची नोंद परक्या भाषेत करायची होती. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. पूर्वी बाळंतीण दारात आली की सेविका विचारायची, दूध येतंय ना, झोप लागते ना. आता ती आधी म्हणते, जरा उजेडात या, मान वर करा, डोळे मिटा-उघडा. आहाराची चोरी थांबावी हा हेतू चांगला आहे आणि चोरी होतच नव्हती असं मी म्हणणार नाही. पण त्या दारातली दोन मिनिटं घेतली गेली, ती कुणी परत दिली का?

आणि ही बाई सरकारच्या लेखी कर्मचारी नाही, 'मानसेवी' आहे. केंद्राने ठरवलेलं तिचं मानधन २०१८ मध्ये ३००० वरून ४५०० रुपये झालं. राज्य त्यात आपली भर घालतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साल उजाडावं लागलं, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाकडून. डिसेंबर २०२३ मध्ये याच बायका संपावर गेल्या तेव्हा 'मुलांचे हाल होतात' म्हणून त्यांनाच बोल लावले गेले. जिचं काम आपण काम मानत नाही, तिने मात्र शंभर घरांशी नातं जोडावं! बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमाराला अंगणवाडीतली मुलं आईबापांच्या कोयत्याबरोबर साखर कारखान्यांकडे निघून जातात ती उन्हाळ्यात परततात. कोणतं मूल गेलं, कोणतं आजीजवळ राहिलं, राहिलेल्याला रात्री कोण जेवू घालतं, हे गावातल्या सेविकेला तोंडपाठ असतं. हे ज्ञान ॲपच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही, म्हणून वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसतं.

एक आक्षेप मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, आणि तो माझ्याच बाजूवर आहे. घराची माहिती मागणारी शिक्षिका कोण असते? बहुतेक वेळा मुलाच्या घरापेक्षा वरच्या जातीची किंवा जास्त शिकलेली. गृहभेटीचा तपासणीदौरा व्हायला वेळ लागत नाही. स्वयंपाकघरात डोकावून 'डब्यात हे देऊ नका, वास येतो' म्हणणाऱ्या, 'घरात शुद्ध बोला' सांगणाऱ्या, बाप दारू पितो का ते चारचौघांत विचारणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत. सान लोरेन्झोच्या त्याच नियमावलीत, मूल अस्वच्छ आणलं तर त्याला घेणार नाही आणि आईने संचालिकेशी आदराने वागलं पाहिजे, असंही लिहिलेलं होतं. नात्याच्या नावाखाली गरिबाच्या घरावर पाळत ठेवायची खोड जुनी आहे. मग बोलणंच नको का? नाही, बोलण्याची शिस्त हवी. घरी जायचं ते बोलावलं तर किंवा विचारून. हातात वही न घेता. विचारायचं ते मुलाबद्दल, घराबद्दल नव्हे. घराचं जे सांगावंसं वाटेल ते आई आपण होऊन सांगते. ऐकलेलं शिक्षकखोलीत चहाबरोबर वाटायचं नाही. हे कुणाला उपजत येत नाही, शिकावं लागतं. आमच्या बालवाडी प्रशिक्षणात तक्ते रंगवायला आठवडे दिले होते आणि पालकांशी बोलण्यावर एक व्याख्यान, तेही 'पालकांचे प्रबोधन' या नावाचं. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळा पूर्वतयारी अभियानातून गावोगाव माता गट उभे राहिले, आया एकत्र बसून मुलांना घरी काय खेळवायचं ते ठरवू लागल्या, ही मला फार आशेची गोष्ट वाटते. त्या गटांतून वर जाणारा आवाजही कुणी ऐकून घ्यावा, एवढंच माझं मागणं.

आता हिशोब. वर्गात तीस मुलं धरली आणि प्रत्येक घराला महिन्याला दहा मिनिटं द्यायची ठरवली, तर तीनशे मिनिटं होतात. पाच तास. महिन्याच्या चोवीस दिवसांत दिवसाला साडेबारा मिनिटं. हे अशक्य आहे असं कोणती संस्था म्हणेल? स्नेहसंमेलनाच्या नाचाची तयारी महिना-महिना चालते, तिला तास मिळतात. अडचण वेळेची नसून, हा वेळ कुणाच्या खिशातून जायचा याची आहे. आज तो ताईच्या खिशातून जातो: सुटल्यानंतर, स्वतःचं मूल घरी वाट बघत असताना, रात्री दहाला आलेल्या फोनवर. म्हणून ती हळूहळू बोलणं टाळते, आणि पालकांना वाटतं हिला आस्था नाही. खासगी बालवाड्यांना फीच्या पावतीत ॲपचे पैसे लावता येतात, तर हे पाच तासही पगारात धरता येतील. कामावर जाणाऱ्यांसाठी महिन्यातून एक शनिवार सकाळ आणि एक संध्याकाळ ठेवता येईल. सरकारने अंगणवाडी सेविकेच्या नोंदींचे रकाने कमी करून गृहभेटीचे तास कामात मोजावेत. आणि पालकांनी, थेट प्रक्षेपणासाठी सह्या गोळा करतो त्या उत्साहाने, या पाच तासांसाठी सह्या गोळा कराव्यात. मी पहिली सही करीन.

शेवटची दहा वर्षं मी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारत असे: तुमच्या मुलाबद्दल असं काय आहे जे मला वर्गात दिसणार नाही? सुरुवातीला लोक गोंधळायचे. 'हुशार आहे, मस्ती करतो' एवढं सांगून थांबायचे. मी गप्प बसून वाट बघायची, मग खरं यायचं. मिक्सरचा आवाज झाला की कान झाकते. अंघोळीचं पाणी डोळ्यांत गेलं की उलटी करतो. काकूला आई म्हणतो आणि मला ताई, तुम्ही त्याला दुरुस्त करू नका. तिला अंधाराची भीती नाही, उलट अंधारातच शांत होते. एक आजोबा बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले होते. उठता उठता म्हणाले, "सोमवारी रडत आला तर रागावू नका बाई. रविवारी त्याच्या बापाचा फोन येतो."